भाव फळ्यावर लागला पाहिजे



महापालिकेच्या सुका कचरा केंद्रावर पुठ्ठा, बाटल्या, पन्न्या, पत्रा आणून दिला, तर कोणी कोणाला किती पैसे द्यायचे? हा प्रश्न आज ना उद्या अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही शहरांच्या आमसभेत यावाच लागेल. आपलं लक्ष नसेल तर तो विषयपत्रिकेच्या तळाशी येईल, दोन मिनिटांत मंजूर होईल आणि त्याचे परिणाम आपण पुढं कित्येक वर्षं भोगू. म्हणून आधीच बोलतो. सुक्या कचऱ्याचा भाव उघडपणे ठरला पाहिजे आणि केंद्राच्या दारातल्या फळ्यावर लिहिलेला असला पाहिजे. तो ठरवताना माल वेचून आणणाऱ्या माणसाची मजुरी आधी धरली पाहिजे, पालिकेची कमाई नंतर.

२०११ च्या जनगणनेत अमरावती शहर साडेसहा लाखांच्या घरात होतं आणि अकोला सव्वाचार लाखांच्या. तेव्हापासून दोन्ही शहरं वाढतच गेली. या सगळ्या घरांचा कचरा अमरावतीत सुकळीच्या आणि अकोल्यात नायगावच्या ढिगाऱ्यावर जात राहिला. ज्या वस्तूला बाजारात चांगला भाव आहे, तीसुद्धा भाजीच्या देठांत आणि उरलेल्या वरणात कालवली गेली की ढिगाऱ्यावरच जाते. सुकळी-नायगावच्या लोकांनी आपला वास आणि आपला धूर वर्षानुवर्षं सोसला आहे. त्यांचं देणं आपल्यावर आहे.

२०१६ साली केंद्र सरकारनं घनकचरा व्यवस्थापनाचे नियम आणले. कचरा घरातच वेगळा करायचा, सुका माल निवडायला पालिकेनं केंद्रं उभारायची, तिथं कचरावेचकांना सहज जाऊ द्यायचं, त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना कामात सामावून घ्यायचं आणि नागरिकांनी उपविधीत ठरेल ते उपयोगकर्ता शुल्क भरायचं, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. २०२१ साली स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यानंही अशा केंद्रांवर भर दिला. शेड, वजनकाटा, गठ्ठे बांधायचं यंत्र हे सगळं सरकारी योजनेतून उभं राहू शकतं. पण पुठ्ठ्याला किलोमागे किती द्यायचे आणि थर्माकोल आणणाऱ्याकडून किती घ्यायचे, हे कोणत्याही योजनेत लिहिलेलं नाही. ते आपल्या शहरानं ठरवायचं आहे. केंद्र चालणार की कुलूप लागणार, हे त्या दरावर ठरेल.

काटा, कडता, अडत, चुकारा

कोणत्याही कबाड्याच्या दुकानासमोर दुपारच्या आत थोडा वेळ उभं राहा. पहाटेच घराबाहेर पडलेली बाई पोतं खांद्यावरून उतरवते. त्यातल्या पाण्याच्या एका बाटलीकडे नीट बघा. बूच एका जातीच्या प्लास्टिकचं, बाटली दुसऱ्या जातीची, वरचं लेबल तिसऱ्या. ती बूच पिळून काढते, गळ्याला चिकटलेली कडी विळीनं तोडते, लेबल ओरबाडते आणि बाटली पायाखाली चेपते. लीटरभर पाण्याची रिकामी बाटली साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची असते. म्हणजे एक किलो भरायला चाळीस-पन्नास वेळा वाकायचं, उचलायचं, पिळायचं, ओरबाडायचं, चेपायचं. मग पोतं काट्यावर चढतं. पाण्याचं, मातीचं, पोत्याचं म्हणून काही वजन कापलं जातं. किती कापलं आणि कशापायी, हे कुठं लिहिलं जात नाही. तिच्या हातात पैसे पडतात, वजनाची पट्टी पडत नाही.

कबाडी लबाडच असतो असं मी म्हणत नाही. तो पुढच्या व्यापाऱ्याला माल देतो तेव्हा त्याच्याही वजनातून असंच कापलं जातं. घरात कोणी आजारी पडलं तर त्या बाईला उसने पैसेही पुष्कळदा तोच देतो. दोष बाजाराच्या रीतीत आहे. या बाजाराला नियम नाही.

नियम नसलेला बाजार काय असतो, हे वऱ्हाडाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. देशातला पहिला नियंत्रित बाजार कारंजा इथं १८८६ साली सुरू झाला. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात आहे. पुढं १८९७ साली वऱ्हाडाच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजारावर समिती आली, दलाल आणि मापारी यांना परवाने लागू झाले. तो कायदा इंग्रजांनी गिरण्यांना चांगला कापूस मिळावा म्हणून केला होता, हे खरं. तरी त्यातून उभी राहिलेली रीत इतकी उपयोगी ठरली, की १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगानं वऱ्हाडाचा दाखला देऊन असे बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. बाजार समित्यांनी शेतकऱ्याला पूर्ण न्याय दिला असं कोणी म्हणणार नाही. हमीभावाखाली सोयाबीन आणि तूर विकल्याचं दुःख घराघरांत आहे. पण काटा कोणाचा, कडता म्हणजे वजनातली कपात किती, अडत म्हणजे दलाली किती आणि चुकारा म्हणजे मालाचे पैसे कधी, या चार प्रश्नांची उत्तरं लेखी असावी लागतात, हे आपल्याला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. तेच चार प्रश्न आता सुक्या कचऱ्याबद्दल विचारायचे आहेत.

भाव बनतो कसा

केंद्रावर आलेला पुठ्ठा शेवटी कागद गिरणीत जातो. गिरणी एक भाव देते. त्यातून ट्रकचं भाडं, गठ्ठे बांधायची मजुरी, हमाली, ओला किंवा मातीचा निघालेला माल आणि केंद्राचा चालू खर्च वजा केला की जे उरतं, तेवढंच माल आणणाऱ्याला देता येतं. हिशोब समजावा म्हणून आकडे धरू, हे आजचे बाजारभाव समजू नका. गिरणीत किलोला १२ रुपये मिळाले, भाड्याला २ गेले, मजुरी-हमालीला २, खराब मालापोटी १ आणि केंद्राच्या खर्चाला १, तर दारात ६ रुपये देता येतात. गिरणीचा भाव ८ वर आला तर खर्च तेवढाच राहतो आणि देता येतात फक्त २. गिरणीचा भाव एक तृतीयांशानं पडला, पण वेचणाऱ्याचा भाव दोन तृतीयांशांनी पडला. मंदीची झळ शेवटच्या माणसाला जास्त का लागते, ते या बेरीज-वजाबाकीत दिसतं.

भाव पडायची कारणं कधी कधी फार लांब असतात. २०१८ च्या सुरुवातीला चीननं परदेशातला मिसळ कागद आणि प्लास्टिकचा कचरा घेणं बंद केलं. अमेरिकेतल्या अनेक शहरांना ज्या मालाचे पैसे मिळत होते, तोच माल उचलून नेण्यासाठी पदरचे पैसे मोजायची वेळ आली. २०२० साली खनिज तेल स्वस्त झालं, तेव्हा नवं प्लास्टिक जुन्याशी स्पर्धा करू लागलं आणि भंगार प्लास्टिकची मागणी घसरली. सुकळीतल्या किंवा नायगावातल्या माणसाचा यात काहीच हात नव्हता.

म्हणून पहिली मागणी अशी करा: वर्षभराचा एकच पक्का दर ठरावात लिहू नका. बाजार चढला की असा दर माल आणणाऱ्याला लुबाडतो आणि बाजार पडला की केंद्र चालवणारा ठेकेदार ते सोडून जातो. ठरावात दराऐवजी दर काढायची रीत लिहा. गिरणीच्या भावातून अमुक खर्च वजा, उरलेल्याचा अमुक हिस्सा माल आणणाऱ्याचा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला नवा भाव फळ्यावर. त्याच्या जोडीला एक तळाचा भाव ठरवा. बाजार कितीही पडला तरी वेचकाला त्याखाली द्यायचं नाही. फरक पडला तर तो उपयोगकर्ता शुल्काच्या पैशांतून भरायचा. हमीभावाचं महत्त्व वऱ्हाडातल्या माणसाला मी काय समजावू?

फळ्यावर चार रकाने

दुसरी मागणी फळ्याची. केंद्राच्या दारात, मराठीत, मोठ्या अक्षरांत चार रकाने असावेत.

पहिला रकाना: केंद्र ज्याचे पैसे देईल. पुठ्ठा, वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं, पाण्याच्या आणि तेलाच्या बाटल्या, बादल्या-डब्यांचं कडक प्लास्टिक, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, लोखंड, जर्मन, तांबं, पितळ. प्रत्येकाचा भाव वेगळा लिहावा. सगळ्या प्लास्टिकला एकच भाव लावला, तर निवडून आणणाऱ्याच्या मेहनतीला किंमत राहत नाही.

दुसरा रकाना: केंद्र जे फुकट घेईल. फुटकी काच, सरबत-दुधाचे कागदी खोके, स्वच्छ पन्नी, बिस्किटं-वेफर्सची चकचकीत वेष्टनं, घरातल्या चिंध्या. सरबताच्या त्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणारे कारखाने मोजके, म्हणून कबाडी हा माल घेत नाही. वेफर्सच्या वेष्टनांचंही तसंच. हाच माल नाल्यात जातो. अमरावतीचा अंबा नाला आणि अकोल्याची मोर्णा याच मालानं तुंबतात.

तिसरा रकाना: केंद्र ज्याचे पैसे घेईल. गाद्या, सोफे, दुकानांतलं आणि मांडवांतलं थर्माकोल, मंगल कार्यालयं, हॉटेलं, कापड बाजार यांचा न निवडलेला माल. अमरावतीच्या कापड बाजारातून निघणाऱ्या पन्न्या आणि कातरणं, अकोल्याच्या दाल मिल आणि तेल मिलमधला फाटका प्लास्टिक बारदाना, हा घरगुती कचरा नाही, धंद्याचा आहे. निवडून आणला तर फुकट घ्या किंवा पैसे द्या, कालवून आणला तर वजनावर शुल्क लावा. निवडून आणण्यात फायदा दिसला की सगळे निवडतात.

चौथा रकाना: केंद्र ज्याला हातच लावणार नाही. डायपर, सुया, औषधं, आणि वऱ्हाडात विशेष सांगायचं म्हणजे कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेच विष बाटलीच्या तळाशी उरतं आणि ती बाटली चेपणाऱ्या हाताला लागतं. या बाटल्यांसाठी, तसंच ट्यूबलाइट आणि बॅटऱ्यांसाठी, कुलूपबंद वेगळी पेटी हवी. त्यांना भाव मुळीच नको, कारण भाव मिळाला तर कोणीतरी त्या वेचायला जाईल.

एक खबरदारी धातूंबद्दल. तांबं-पितळाला केंद्र बाजारापेक्षा जास्त भाव देऊ लागलं, तर नळाचे मीटर, विजेच्या तारा आणि गटारांची झाकणं आधी तिथं पोहोचतील. ठराविक वजनावरच्या धातूची नोंद आणि ओळखपत्र सक्तीचं करा.

वजनाचा आणि पैशाचा नियम

तिसरी मागणी काट्याची. काटा माल आणणाऱ्याला दिसेल असा समोर हवा आणि त्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा. कडता किती कापायचा याची मर्यादा फळ्यावर हवी: पुठ्ठा कोरडा असेल तर शून्य, ओला असेल तर अमुक टक्के. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतोच, तेव्हा भांडणं टाळायची असतील तर हे आधीच लिहिलेलं बरं. प्रत्येक वजनाची पट्टी हातात मिळाली पाहिजे. त्यावर माल, वजन, कडता, भाव आणि रक्कम.

चुकारा बाजार समितीत २४ तासांत द्यायचा नियम आहे. वेचकाला तर त्याच दिवशी हवा. ती बाई संध्याकाळी त्याच पैशांनी पीठ आणते. बँकेत पंधरा दिवसांनी जमा होतील असं सांगितलं, तर ती केंद्राच्या दारावरून पुढं जाऊन कबाड्याकडेच जाईल आणि तिचं चुकणार नाही.

वेचकाच्या ताटातलं ओढू नका

चौथी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. पालिकेनं घराघरांतून चांगला माल ओढण्यासाठी भाव वाढवला, तर कागदावर केंद्र भरलेलं दिसेल. पण त्याच पुठ्ठ्यावर आणि बाटल्यांवर आज शेकडो घरं चालतात. त्यांचा माल तोडून केंद्र भरलं, तर आपण शहर स्वच्छ केलं नाही, गरिबाच्या ताटातलं काढून पालिकेच्या ताटात वाढलं.

पुण्यानं यावर विचार केलेला आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढं याच वेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेशी करार केला. संस्थेचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, घरं त्यांना शुल्क देतात आणि निवडलेला सुका माल विकून येणारा पैसा वेचकाचाच असतो. आपल्या दोन्ही शहरांत ही व्यवस्था जशीच्या तशी बसेलच असं नाही. पण निवडलेल्या मालावर पहिला हक्क निवडणाऱ्याचा, हे तत्त्व उचलण्यासारखं आहे. म्हणून केंद्रात वेचकाला प्रवेश फुकट असावा, ओळखपत्र असावं, माल निवडायला सावलीची जागा आणि प्यायला पाणी असावं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली बसून पाहिलं की पंख्याची आणि पाण्याची मागणी चैन वाटत नाही.

तोटा कोणी भरायचा

आता कडू बोलतो. हे केंद्र नफ्यात चालणार नाही. चांगला माल कबाडी आणि वेचक उचलतील आणि केंद्राकडे पन्नी, वेष्टनं, काच असं स्वस्त किंवा बिनभावाचं उरेल. त्यातलं जळाऊ प्लास्टिक सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत वापरता येतं. २०१६ च्या नियमांनी, असं इंधन बनवणाऱ्या केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या कारखान्यांना पाच टक्के तरी इंधन अशा कचऱ्याचं वापरायला सांगितलं होतं. आपल्याला जवळचे मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूरकडचे, अमरावतीहून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आणि अकोल्याहून त्याहून लांब. म्हणजे भाडं आपल्यालाच भरावं लागेल. 'कचऱ्यातून सोनं' असं कोणी भाषणात सांगितलं, तर त्याला वाहतुकीचा हिशोब मागा.

हा तोटा उपयोगकर्ता शुल्कातून भरायचा असतो. केरळात हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊन स्वच्छ, कोरडं प्लास्टिक घेतात आणि त्यासाठी प्रत्येक घर दरमहा ठरलेलं शुल्क देतं. पुढं क्लीन केरळ कंपनी हा माल घेते. चांगल्या मालाचे पैसे ती देते, कामाला न येणाऱ्या मालासाठी मात्र स्थानिक संस्थेला पैसे मोजावे लागतात. छत्तीसगडमधल्या अंबिकापूरलाही बचत गटांच्या बायका केंद्रं चालवतात. त्यांची मिळकत घरोघरच्या शुल्कातून आणि मालाच्या विक्रीतून अशी दोन्हीकडून येते. दोन्ही ठिकाणी पहिला धडा हाच: फक्त विक्रीवर हे काम चालत नाही.

'आम्ही मालमत्ता कर भरतो, वर हे शुल्क कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. म्हणून शुल्काला नाही म्हणू नका, पण त्याचा वेगळा हिशोब मागा. शुल्कातून किती आले, विक्रीतून किती आले, भाड्याला किती गेले, वेचकांना किती दिले, हे दर महिन्याला त्याच फळ्यावर लागलं पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अशी माहिती पालिकेनं न मागताच जाहीर करायची असते. वेगळा करून कचरा देणाऱ्या घराला आणि सोसायटीला शुल्कात सूट मिळाली पाहिजे, हीही मागणी करा.

जाहीर केलेला भाव आणि मिळणारा भाव

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत मिळतील असं ठरलं होतं. बाटल्यांसाठीही परतीची रक्कम ठरली होती. ते ५० पैसे तुमच्या घरात कधी परत आले का, आठवून बघा. भाव जाहीर झाला, पण पिशवी कोणाकडे नेऊन द्यायची हे लोकांच्या रोजच्या वाटेवर कुठंच नव्हतं. याउलट तामिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारू दुकानांच्या बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली त्याच दुकानात परत केली की ते परत देतात. तिथं बहुतांश बाटल्या परत येतात. जंगलात आणि रस्त्याकडेला काचा पडायच्या कमी झाल्या. भाव तोच खरा, जो माणसाला चालून जाता येईल अशा ठिकाणी मिळतो. म्हणून शहराबाहेर एक मोठं केंद्र पुरणार नाही. बडनेरा, साईनगर, गाडगेनगर, जुनं शहर, उमरी, खडकी अशा प्रत्येक भागात लहान संकलन जागा हवी आणि तिथंही तोच फळा.

अकोलेकरांनी २०१८ च्या जानेवारीत मोर्णा स्वच्छतेसाठी हजारोंनी हात लावले, आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. आपल्या लोकांच्या मनात आहे, हे तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं. पण अशी मोहीम रोजच्या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. पन्नीला नदीबाहेर रोजची जागा मिळाली, तरच ती नदीत जाणार नाही.

अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांना आणखी एक विनंती. तुमच्यात शंभर किलोमीटरांचंही अंतर नाही. दोघींनी भाव एकाच रीतीनं काढा आणि माल एकत्र विका. न दाबलेल्या बाटल्यांचा ट्रक भरला तरी त्यात वजन थोडं आणि हवा जास्त. दोन शहरांचे बांधलेले गठ्ठे एकत्र झाले तर पूर्ण ट्रक भरतो, भाडं वाचतं आणि गिरणीशी सौदा बरोबरीनं होतो. शिवाय दोन्हीकडे भाव सारखा असेल, तर माल एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात खपवायचा धंदा उभा राहत नाही.

आपण काय करायचं

घरच्यांसाठी: सुका कचरा कोरडा ठेवा. दुधाची पिशवी कात्रीनं कापताना कोपरा तोडून टाकू नका, तो तुकडा कोणालाच वेचता येत नाही. पिशवी धुऊन दोरीवर वाळवा. कबाड्याला आणि वेचकाला चांगला माल द्यायचा असेल तर आनंदानं द्या. ते जे घेत नाहीत, ते केंद्रावर पोहोचवा.

सोसायट्या आणि अपार्टमेंटसाठी: एक वेचक ठरवून घ्या, तिला आत येऊ द्या, चहा-पाणी विचारा. वॉचमननं तिला चोर समजून हाकलू नये, हे तुम्ही सांगा.

मंडळांसाठी आणि कार्यालयवाल्यांसाठी: श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्यात राजराजेश्वराला येतात, तेव्हा वाटेवर पाणी आणि फराळ वाटणाऱ्यांची सेवा मोठी असते. अमरावतीत अंबादेवीच्या नवरात्रातही तेच. त्या सेवेत पेला आणि पत्रावळ उचलायचं कामही धरा. शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर पालिकेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा, असं २०१६ च्या नियमांत होतं. मोठ्या मांडवांकडून पालिकेनं अनामत घ्यावी आणि माल निवडून दिला की पूर्ण परत करावी. मंडळांनी याला विरोध करू नये.

कबाडी बंधूंसाठी: हे केंद्र तुमच्या विरोधात नाही. तुमच्याकडे माल ओळखायची नजर आहे, ती कोणत्याही अभियंत्याकडे नाही. दर काढणाऱ्या समितीत तुमचा माणूस बसवा आणि तुमच्याही दुकानात भाव लिहून लावा. ज्याच्या दुकानात फळा असेल त्याच्याकडे लोक आधी येतील.

नगरसेवकांसाठी: दराचा विषय आमसभेत येईल तेव्हा घाई करू नका. आधी हरकती आणि सूचना मागवा. समितीत पालिकेचे अधिकारी, वेचक बाया, कबाडी, गृहिणी आणि हिशोब तपासणारा एक माणूस असू द्या. ठेका काढलाच, तर वेचकांचा प्रवेश, तळाचा भाव, पट्टी आणि त्याच दिवशीचा चुकारा या चार अटी ठेक्यात लिहा. या अटी मोडल्या तर ठेका रद्द, हेही लिहा.

आणि आपण सगळ्यांनी: पुढच्या वेळी प्रभागातला नगरसेवक दारात आला, की रस्त्याच्या आणि दिव्याच्या मागणीसोबत त्याला हेही विचारा: 'आपल्या भागातल्या सुक्या कचऱ्याचा फळा कुठं लागणार आणि भाव कोण ठरवणार?' अर्ज लिहून प्रभाग कार्यालयात द्या आणि पोचपावती घ्या. दहा घरांचे दहा अर्ज गेले तर उत्तर द्यावंच लागतं. वऱ्हाडानं कापसाच्या बाजाराला नियम लावून देशाला वाट दाखवली होती. सुक्या कचऱ्याच्या बाजाराला नियम लावायचं काम आता आपल्या वाट्याला आलं आहे, आणि ते याच वर्षी सुरू करता येण्यासारखं आहे.